गणपतीची शाळा २०२४: मातीच्या वहीतल्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

शाडूची ३० पोती आली, प्रत्येक ३५ किलोंचं. टेम्पो वाडीच्या वळणापर्यंतच येतो. तिथून शाळेपर्यंत, म्हणजे आमच्या मूर्ती घडवायच्या जागेपर्यंत, शंभरेक पावलं चढण. सोळा पोती पुतण्याने वाहिली, चौदा मी. पाऊस अजून लागलेला नाही हे बरं झालं, पोती कोरडी आत गेली. यंदा मागणी ११२ मूर्तींची आहे. अक्षय्य तृतीयेला माती मळायला घेतली, तेव्हापासून २७ मूर्ती साच्यातून निघाल्या.

सातव्या पोत्याला उजव्या जांघेतला गोळा बाहेर आला. मागच्या पडवीत जाऊन आडवा झालो, हाताने आत ढकलला, परत येऊन आठवं पोतं घेतलं. दोन वर्षं हेच चाललंय. ही वही मातीच्या आणि रंगाच्या हिशेबाची. पण कामाची वही खरी ठेवायची तर हेही तिच्यातच लिहायला हवं.

९ जून, रविवार

आज गोळा आत गेला नाही.

सकाळी दोन फुटी मूर्तीचा पाट एकट्याने उचलून फळीवर ठेवला. ठेवताना खाली काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. नेहमीसारखा आडवा पडलो, पाय दुमडले, दाबलं. गोळा कडक झाला होता, लिंबाएवढा असायचा तो मोठ्या कांद्याएवढा. दुखणं नाभीपर्यंत चढलं. बायको देवळात गेली होती. पुतण्या बाहेर मूर्तीला पाणी मारत होता, त्याला हाक मारायची लाज वाटली. तोंडात टॉवेल धरून पडून राहिलो. दीड तासाने घाम फुटला, पोटात गुरगुरलं आणि गोळा आपोआप आत सरकला.

मग उठून तीच मूर्ती पुसली. हात थरथरत होते. सोंडेवर बोटाचा ठसा उमटला, तो पुन्हा नीट केला.

रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच विचारलं, "दोन वर्षं?"

११ जून, मंगळवार

कुडाळला सर्जनकडे. त्यांनी उभं केलं, बोटं जांघेत ठेवली आणि म्हणाले, खोका. खोकलो. मग आडवं झोपवून परत तेच. पाच मिनिटांत निदान. उजव्या बाजूचा जांघेतला हर्निया. पोटाच्या भिंतीत एक वाट असते. पुरुषाचं वृषण जन्माआधी पोटातून खाली उतरतं ते त्याच वाटेने, म्हणून ही जागा पुरुषांत मुळातच कच्ची. जड उचलणं, जुना खोकला, शौचाला कुंथणं, लघवीला जोर लावणं यांनी ती आणखी सैल होते आणि आतड्याचा वेटोळा तिथून बाहेर डोकावतो.

दीड तासाची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या वेळी आतडं भोकात अडकलं होतं. सुटलं हे नशीब. न सुटतं तर त्याचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत तो भाग काळा पडतो, मग पोट उघडून आतडं कापावं लागतं. यापुढे गोळा कडक होऊन दुखला, आत जाईना, उलटी झाली, वारा सरेना, तर दाबत बसायचं नाही, थेट दवाखाना. वेळ रात्रीची असो की अमावास्येची.

हर्नियाच्या पट्ट्याचं विचारलं. दोन वर्षांपूर्वी मी बाजारातून एक आणला होता, दुकानदार म्हणाला होता सहा महिन्यांत भोक बुजेल. भोक पट्ट्याने बुजत नाही, औषधाने नाही, लेपाने नाही, व्यायामानेही नाही. इलाज एकच, ऑपरेशन.

येताना एसटीत खिडकीशी बसलो. नदी दुथडी भरायला लागली आहे.

१४ जून, शुक्रवार

रक्त, लघवी, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी. सगळं ठीक. वय ४९.

दोन पद्धती समजावल्या. दुर्बिणीतून करायचं तर तीन छोटी भोकं आणि पूर्ण भूल. उघडी करायची तर जांघेवर तीन बोटं लांबीची चीर, आणि भूल कमरेतून, फक्त अर्ध्या अंगाला. दोन्हींत जाळी बसवतातच. दुर्बिणीने माणूस थोडा लवकर कामाला लागतो, खर्च जास्त. पहिल्यांदाचा आणि एकाच बाजूचा हर्निया असल्याने माझ्यासाठी दोन्ही चालेल, म्हणाले. मी उघडी निवडली.

जाळी कशाला, नुसतं शिवून का टाकत नाही, असं विचारलं. त्यांना प्रश्न आवडला असावा, बाहेर रांग असूनही सांगत बसले. पूर्वी नुसतं शिवतच असत. इटलीतल्या बास्सिनी नावाच्या सर्जनने १८८७ साली ती पद्धत बसवून दिली आणि पुढची शंभर वर्षं जगभर तीच चालली. पण त्यात भोकाच्या दोन कडा ओढून एकमेकींना टाके घालायचे, म्हणजे त्या जागी कायमचा ताण. कित्येकांचा हर्निया परत यायचा. मग अमेरिकेत लिक्टेनस्टाइन यांनी कडा न ओढता वरून जाळी पसरायची पद्धत रूढ केली, त्यांचा गाजलेला लेख १९८९चा. जाळी पॉलिप्रॉपिलीनची, सात बाय पंधरा सेंटिमीटरच्या आसपास. शरीर तिच्या भोकांमधून नवं मांस विणतं आणि भिंत आणि जाळी एक होतात.

हे मला लगेच उमगलं. मूर्तीच्या मनगटाला किंवा सोंडेच्या मुळाशी तडा गेला, तर शिकाऊ पोर काय करतं, दोन्ही कडा बोटांनी दाबून जवळ आणतं. ओली असताना जुळल्यासारखं दिसतं. वाळताना माती आकसते आणि तडा त्याच जागी पुन्हा उघडतो. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं ते असं: कडा ओढू नको. काथ्या बारीक पिंजून पातळ मातीत भिजव, तडा ओलांडून दोन्हीकडे पसरव, वरून मातीचा हात फिरव. काथ्याच्या धाग्यांतून माती आरपार जाते आणि धरते. डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, अगदी असंच.

१६ जून, रविवार

घरात आज मोठी चर्चा. माझं म्हणणं, गणपती होऊन जाऊदेत, अनंत चतुर्दशीनंतर करू. ११२ घरांचा शब्द आहे. दोन वर्षं काढली, तीन महिने काय.

आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "तुझ्या बापाशीक पण ह्यांच होतां."

मला हे माहीत नव्हतं. आई सांगत गेली. वडील वीस वर्षं जांघेत फडक्याची घडी ठेवून वर घट्ट लंगोट बांधायचे. म्हणून ते कधी आमच्याबरोबर व्हाळात आंघोळीला उतरले नाहीत, आणि आम्हाला वाटायचं त्यांना पाण्याची भीती आहे. १९९६च्या पावसाळ्यात ते आठ दिवस गोव्याला बांबोळीच्या दवाखान्यात होते. आम्हा मुलांना सांगितलं होतं, पोटात गाठ झाली. ती गाठ नव्हती, अडकलेलं आतडं होतं. रात्री उलट्या सुरू झाल्या, साकवावरून पाणी गेलेलं, चार माणसांनी खुर्चीला बांबू बांधून त्यांना पलीकडे नेलं. वीतभर आतडं कापावं लागलं. त्यानंतर त्यांनी मोठी मूर्ती कधी घेतली नाही. आम्ही समजलो, वयोमान.

अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते हेच. बाप सांगत नाही, मुलगा सांगत नाही, आणि दोघं एकाच शाळेत तीस वर्षं शेजारी बसून माती मळतात.

फोन करून तारीख घेतली. शुक्रवार, २१ जून. वटपौर्णिमा आहे. बायको म्हणाली, असूदे.

१९ जून, बुधवार

जाण्याआधीचं काम. ४१ मूर्ती तयार, त्यातल्या २२ घासायला. पुतण्याला साचे कोणत्या क्रमाने घ्यायचे ते लिहून दिलं. मोठ्या सहा मूर्ती त्याने एकट्याने हलवायच्या नाहीत, शेजारच्या दोन पोरांना सांगून ठेवलंय. ओल्या मूर्तींवर फडकी, दिवसातून तीनदा पाणी.

२१ जून, शुक्रवार. ऑपरेशन

काल संध्याकाळी दाखल झालो. रात्री दहानंतर खाणं बंद, पाणी पहाटे पाचपर्यंत. हातावर छोटं इंजेक्शन देऊन भुलेच्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते का बघितलं. वॉर्डबॉयने जांघेचे केस यंत्राने काढले. त्याने दहा मिनिटांत माझा दोन वर्षांचा संकोच संपवला. रोजचं काम करावं तसं केलं, मध्येच मुलाच्या बारावीच्या निकालाचं सांगितलं.

सकाळी सर्जन आले आणि काळ्या पेनने माझ्या उजव्या मांडीवर बाण काढला. चुकून दुसरी बाजू उघडू नये म्हणून पेशंट जागा असताना, त्याला विचारूनच हे करतात. जन्मभर मी मूर्तींवर रेघा आखत आलो. स्वतःच्या अंगावर कुणी आखल्याची ही पहिली वेळ.

बायकोचा वटपौर्णिमेचा उपास, माझंही पोट रिकामं. स्ट्रेचरवरून नेताना ती शेजारून चालत होती, हातात पांढऱ्या सुताची गुंडी.

आत थंडी. बसवून पाय टेबलाखाली सोडायला लावले, उशी पोटाशी धरून पाठ जमेल तेवढी गोल करायला सांगितली. भूलतज्ज्ञ बाई प्रत्येक गोष्ट आधी सांगून करत होत्या. आता गार लागेल. आता मुंगी चावेल. आता फक्त दाब, हलू नका. मुंगी चावण्यापेक्षा जास्त काही नव्हतं. दोन मिनिटांत पावलं गरम झाली, मग जड, मग ओल्या मातीसारखी. त्यांनी स्पिरिटचा बोळा छातीवर लावला, गार लागला. मांडीवर लावला, ओलं कळलं पण गार नाही. पाय उचला म्हणाल्या. मी उचलतोय असं मला वाटत होतं, पाय तसाच पडलेला.

समोर हिरवं कापड. पलीकडे माझं शरीर आणि त्यावर तीन माणसं. दुखलं अजिबात नाही, पण ओढाताण कळत होती, कुणी दुसऱ्याच्या खिशात हात घालून काही शोधावं तशी. एकदा जळक्याचा वास आला. घाबरलो. बाई म्हणाल्या, बारीक रक्तवाहिन्या विजेने बंद करतायत, होतंच. यंत्राची टिकटिक माझ्याच नाडीची हे समजल्यावर मी तिच्यावर ध्यान ठेवलं. मध्ये सर्जनांनी हाक मारली, "काका, आता तुमचा काथ्या बसवतोय हां." मी हो म्हणालो आणि डोळ्यांतून पाणी आलं. भीतीचं नव्हतं. वडिलांची आठवण झाली.

आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत सव्वा तास. मग हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन ब्लँकेट टाकली. भुलेनंतर बऱ्याच जणांना भरते.

बायकोने सूत दवाखान्याच्या आवारातल्या वडाला गुंडाळलं. तिथे आणखी दोघी होत्या, त्यांचेही नवरे आतच होते, असं तिने रात्री सांगितलं.

२२ जून, शनिवार

कालची दुपार लिहायची राहिली. साडेतीनला डाव्या पायाचा अंगठा हलला, चारला उजव्याचा. सगळं परत आलं, लघवी मात्र येईना. पोट टच्च. नळ सोडून ठेवला, कोमट पाणी ओतलं, काही नाही. कमरेतल्या भुलेनंतर पुरुषांना हे होतं, सिस्टर म्हणाल्या. रात्री आठला एकदा नळी घालून लघवी काढली आणि नळी लगेच काढून घेतली. त्या सुटकेपुढे जखमेचं दुखणं काहीच नव्हतं.

आज सकाळी उठवलं. पाठीवरून सरळ उठायला गेलो तर जांघेत सुरी फिरल्यासारखी कळ आली. सिस्टरनी थांबवलं आणि शिकवलं. गुडघे दुमडायचे. अख्खं अंग एकदम डाव्या कुशीवर वळवायचं, कमरेत पीळ द्यायचा नाही. पाय कॉटखाली सोडायचे, आणि त्याच वेळी डावं कोपर आणि उजवा तळहात गादीवर रोवून वर यायचं. पोटाला काही करूच द्यायचं नाही. तीन वेळा करून घेतलं. खोकला किंवा शिंक आली तर घडी केलेला टॉवेल जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरायचा, हसू आलं तरी.

कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या. वाकून चालत होतो. सरळ चाला, सरळ राहिल्यानेच सुटेल, असं ओरडून सांगितलं. खरंच सुटलं.

दुपारी बायकोने उकड्या तांदळाची पेज आणली. वर तूप, बाजूला लिंबाचं लोणचं. दोन वाट्या प्यायलो.

२३ जून, रविवार

घरी. औषधं धरून ४२ हजार रुपये झाले. ओळखीच्या माणसाच्या गाडीने आलो. रस्त्याचा प्रत्येक खड्डा जांघेने मोजला. सीटवर मागे टेकून, टॉवेलची घडी जखमेवर धरून बसलो आणि गाडीवाल्याने वीसच्या वर नेलीच नाही. देव त्याचं भलं करो.

शाळेत फक्त दारातून डोकावलो. ४४ मूर्ती. एका गणपतीचा उजवा हात थोडा वर गेलाय. पुतण्याला सांगितलं नाही, त्याने आपणहून विचारलं.

२५ जून, मंगळवार

काल बायको दचकली आणि मग मीही. अंडकोश सुजून काळाजांभळा. घरात टोपलीभर जांभळं आली होती, अगदी तो रंग. फोन केला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, आतलं रक्त उताराने खाली येतं, उभं राहिलं की तिथे साठतं. ताप आहे का? नाही. जखमेतून पू, लाली? नाही. सूज दिवसागणिक वाढतेय का? नाही. मग घट्ट चड्डी घाला, आडवं असताना खाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, दहा-बारा दिवसांत जाईल.

रंगाऱ्याला हे बघायला मिळालं म्हणून पुढचे दिवसही याच पानावर लिहीत गेलो: पहिले दोन दिवस जांभळा, त्यात काळसर झाक. मग कडा हिरवट. मग मधे तपकिरी आणि बाहेर हळदी. चौथ्या-पाचव्या दिवसाचा हिरवा भयंकर दिसतो, पण तो बरं होण्याचा आहे. ज्याला होईल त्याने भिऊ नये.

२७ जून, गुरुवार

ऑपरेशनपेक्षा शौचाची धास्ती जास्त होती. चार दिवस झाली नव्हती, दुखण्याच्या गोळ्यांनी कोठा बांधला जातो. कुंथायचं नाही असं बजावलेलं. रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, पपई, कुळथाची पिठी पातळ करून. आमचा संडास खाली बसायचा. मधे भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची भावाने तालुक्याहून आणून वर ठेवली. आज झाली. या खुर्चीची सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवावी, मी उशिरा केली.

१ जुलै, सोमवार

टाके काढले. जखम कोरडी. आता साबण लावून आंघोळ चालेल, चोळायचं नाही.

यापुढचा नियम: सहा आठवडे पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. चालायचं मात्र रोज, वाढवत वाढवत. मोटरसायकल अचानक ब्रेक दाबताना दुखणार नाही तेव्हा.

५ जुलै, शुक्रवार

शाळेत बसलो. खुर्चीवर, मूर्ती टेबलावर छातीच्या उंचीला. आमच्याकडे मांडी घालूनच काम करायची रीत, वडिलांचा पाटही तसाच ठेवलाय. खुर्चीवरून हात वेगळा चालतो. पहिला तास बोटांना काही सुचेना. मग जमलं. दोन तास, तीन मूर्तींचे कान आणि मुकुट.

एकूण ५८.

१३ जुलै, शनिवार

पाच किलो म्हणजे किती हे मला कळतच नव्हतं. मी आयुष्यभर पोती, पाट, घमेली अशीच मोजली. म्हणून मासे तोलायचा हुकाचा काटा मागून घेतला आणि दिवसभर घरातलं सगळं तोललं. भरलेली कळशी साडेअकरा. अर्धी बादली सात. धुवायच्या कपड्यांचं टोपलं ओलं असताना नऊ, कोरडं तीन. सोललेला नारळ अर्ध्या-पाऊण किलोच्या आत, म्हणजे पिशवीत सहापेक्षा जास्त नकोत. एक फुटी मूर्ती पाटासकट साडेआठ. दीड फुटी सोळा. भावाची नात बारा किलो. ती धावत आली आणि हात वर केले. मी खाली बसून तिला जवळ घेतलं. तिला काही समजेना, पुन्हा पुन्हा "वर" म्हणत होती.

हे काट्यावर बघितल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बायको दिवसातून वीस-पंचवीस कळश्या उचलते. तिचं वजन ४८ किलो. पंप बसवायचं दोन वर्षं चाललंय, ते या महिन्यात करायचंच.

मूर्ती हलवायची असली की हाक मारायची. पहिले आठ दिवस हाक घशातच अडायची. आता पुतण्या माझ्या खुर्चीचा आवाज आला की स्वतःच येतो. "काकानू, तुमी बसा. मी घेतंय."

१७ जुलै, बुधवार. आषाढी एकादशी

विठ्ठलाच्या देवळापर्यंत चालत, जाऊन येऊन दोन किलोमीटर, मधे एकदा बसलो. पाऊस दणकून. निसरड्या पाखाडीवर घसरण्याची भीती वाटली, काठी घेतली होती.

दुपारनंतर रंगाला सुरुवात. पहिला पांढऱ्याचा हात.

२८ जुलै, रविवार

दोन गोष्टी मनात घर करून होत्या. चिरेच्या खाली काठीसारखी कडक कड लागते. आणि तिच्याखाली हाताच्या पंजाएवढ्या जागेवर स्पर्शच कळत नाही, कुणी जाड कापडावरून हात फिरवावा तसं. रात्री वाटायचं, जाळी सरकली की काय, हर्निया परत आला की काय. शेवटी फोन केला. कड ही भरत्या जखमेची, काही महिन्यांत मऊ होते. हर्निया असेल तर उभं राहून खोकल्यावर फुगतो आणि आडवं झाल्यावर जातो. कड दोन्ही वेळेला तशीच राहते. खोकून बघितलं. तशीच.

बधिरपणा चिरेजवळून जाणाऱ्या बारीक नसांचा. हळूहळू कमी होतो, काहींना थोडा कायम राहतो. हा विषय ऑपरेशनच्या आधी माझ्याशी कुणी काढला नव्हता. काढला असता तर पंधरा रात्री झोप लागली असती.

मासेमारीची बंदी तीन दिवसांत उठेल. बंदरात होड्यांना रंग लागतोय.

५ ऑगस्ट, सोमवार

सहा आठवडे पुरे. तपासणी झाली, भिंत पक्की आहे म्हणाले. आता दहा किलोंपर्यंत, मग महिन्याभराने थोडं थोडं वाढवत. पोती यंदा नाहीत. आणि पुढेही ३५ किलोंचं पोतं एकट्याने कशाला, असं त्यांनीच विचारलं. उत्तर नव्हतं. व्यापाऱ्याला वीस किलोंच्या गोण्या मिळतील का विचारायचं.

परत येऊन एक फुटी मूर्ती उचलली. गुडघ्यात वाकून, अंगाशी धरून, श्वास सोडत. जांघेत हात ठेवून बघितलं. काही नाही.

एकूण ९७, त्यातल्या ३० रंगात.

९ ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

पाट यायचे ते आज बहुतेक आले. प्रत्येकावर खडूने घराचं नाव, मूर्तीची उंची, आसन. सगळे गेल्यावर एक रापणकर, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारा, मागे राहिला. माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर होतो आम्ही. माती बघत उभा राहिला, मूर्ती बघत उभा राहिला. पाऊस कमी होईना. मग खाली बघून म्हणाला, "माका पण आसा. तीन वर्सां झाली."

रापणीचा दोर ओढताना बाहेर येतो. कंबरपट्टा वापरतो. घरात माहीत नाही.

मी दार लोटलं आणि त्याला माझी चीर दाखवली. मग सगळं सांगितलं, नळीचं, जांभळ्या रंगाचं, खुर्चीचं, बधिर जागेचं. सर्वांत आधी ते कडक होण्याचं, उलटीचं आणि वेळ न घालवण्याचं. वडिलांचंही सांगितलं. घरातून बाहेरच्या माणसाला ते आज पहिल्यांदा कळलं. तो दीड तास बसला. डॉक्टरांचे बसायचे वार त्याच्याच पाटाच्या मागच्या बाजूला खडूने लिहिले, मग दोघांनाही वाटलं की पाट घरात जाणार, तेव्हा पुसून कागदावर लिहून दिले.

६ सप्टेंबर, शुक्रवार. हरितालिका

रात्रीचा एक वाजला. ११२ झाल्या. शेवटचे चौदा गणपती आज डोळ्यांवर आले. डोळे मीच आखतो, अजून कुणाला देत नाही. खुर्ची बाजूला केली आणि वडिलांच्या पाटावर मांडी घालून बसलो. अकरा आठवड्यांनी पहिल्यांदा. थोडं ओढल्यासारखं झालं, मग विसरलो.

७ सप्टेंबर, शनिवार. चतुर्थी

पहाटे चारपासून माणसं. छत्र्या, टाळ, कुणाच्या हातात पेट्रोमॅक्स अजून आहे. शाळेतून मूर्ती बाहेर काढून डोक्यावर द्यायचं काम दरवर्षी माझं. यंदा पुतण्याने आणि शेजारच्या दोन पोरांनी केलं. मी दारात उभा राहून प्रत्येक मूर्तीच्या हाताला आणि सोंडेला काही लागत नाही ना, एवढं बघत होतो.

सहाच्या सुमाराला रापणकर आला. दरवर्षी तो आपला गणपती स्वतः डोक्यावर घेतो, कुणाला हात लावू देत नाही. दीड फुटी, सोळा किलो. आज त्याने टॉवेलची चुंबळ मुलाच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतः छत्री उघडली. जाताना माझ्याजवळ थांबला. "तेवीस तारीख दिल्यानी," म्हणाला. बायको मागे उभी होती, तिने मान हलवली.

चार पोती माती शिल्लक. फोडून अर्धी अर्धी करून ठेवायला सांगितलंय.